नेरूळ: मेन आणि मीटरच्या कामाला लायसन्सवाला माणूस हवाय (सील कोणी काढायचं?)

पिंपळपान
१४ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आम्ही नेरूळला राहतो. सिडकोची जुनी बिल्डिंग, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्यावर. गेल्या आठवड्यात पावसाने जोर धरला तेव्हापासून घरात विचित्र प्रकार सुरू आहे. हॉलमधला दिवा मध्येच भगभगीत पेटतो, डोळे दिपतात, दोन मिनिटांनी परत नेहमीसारखा. परवा फ्रिजचा बोर्ड गेला. काल सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर जळाला, वास अजून पडद्यांना आहे. आणि गंमत बघा, नेमक्या त्याच वेळी समोरच्या काकूंकडे पंखा इतका मंद फिरत होता की पाती मोजावीत.

आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन नाक्यावरच्या दुकानात असतो. पंखे, गिझर, बेल सगळं तोच बघतो, माणूस वाईट नाही. टेस्टर लावून बघितलं आणि म्हणाला, "ताई, मेन वायर गेलीय. मीटरपासून वरपर्यंत नवी ओढू. सील मी काढतो, नंतर ओळखीच्या पोराकडून परत मारून घेऊ. सगळं धरून नऊ हजार." आमच्या ह्यांचं म्हणणं, करून टाक, आईंना पंख्याशिवाय झोप लागत नाही. मला ते सील प्रकरण काही पटेना.

तर (१) मीटर आणि मेनच्या कामाला वेगळं लायसन्स लागतं का? (२) ते खरं की खोटं कसं ओळखायचं? (३) नेरूळ, सीवूड्स, बेलापूर भागात कोणी खात्रीचं असेल तर सांगा.

---

निवृत्त_लाइनमन
१४ जुलै, रात्री ९.५२

ताई, प्रश्नोत्तरं मागाहून. आधी उठा आणि घरातला मेन स्विच पाडा. पूर्ण. मग समोरच्या काकूंना पाडायला सांगा, मग वरच्या-खालच्यांना. आणि महावितरण कंपनीच्या १९१२ वर तक्रार नोंदवा, "न्यूट्रल सुटला आहे, व्होल्टेज वाढतंय" असं स्पष्ट सांगा. "लाइट कमी-जास्त होतेय" म्हणालात तर रांगेत पडाल.

एकाकडे दिवा भगभगीत आणि त्याच वेळी शेजारी पंखा मंद, हे मेन वायर जुनी झाल्याचं लक्षण नव्हे. बिल्डिंगमधली घरं तीन फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांवर, वाटलेली असतात आणि परतीची वाट सगळ्यांची एक, ती न्यूट्रल. ती वाट कुठेतरी सैल झाली किंवा जळाली की तुमचं घर आणि काकूंचं घर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. दोन फेजमधले ४०० च्या घरातले व्होल्ट मग दोघांत वाटले जातात. वाटणी बरोबरीची नसते. ज्याच्याकडे कमी उपकरणं चालू, त्याच्याकडे जास्त व्होल्ट. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, यात पडत नाही, कारण तिला करंट कळतो, व्होल्टेज नाही. फ्रिज गेला ते स्वस्तात सुटलात.

---

पिंपळपान
१४ जुलै, रात्री १०.०५

पाडला. सगळ्या मजल्यांवर सांगून आले. तक्रार नंबर मिळालाय. मोबाइलची बॅटरी १९ टक्के आहे, त्यामुळे आता उद्या. काका, मनापासून आभार.

---

बिनधास्त_कोपरखैरणे
१५ जुलै, सकाळी ७.३०

एवढं घाबरायचं काय त्यात? आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी मीटरच्या टर्मिनलला स्पार्किंग होत होतं. गल्लीतल्या पोराने सील कापलं, स्क्रू आवळले, पाचशे रुपये घेतले, विषय संपला. कंपनीची वाट बघत बसलो असतो तर दिवाळी अंधारात गेली असती. सील आजपर्यंत कोणी विचारलं नाही.

---

निवृत्त_लाइनमन
१५ जुलै, सकाळी ८.१५

बिनधास्तराव, विचारलं नाही तोवर ठीक. मी ३१ वर्षं खांबावर आणि मीटर रूममध्ये काढली, त्यामुळे विचारतात तेव्हा काय होतं ते पाहिलंय. विद्युत कायदा २००३, कलम १३८. परवानगीशिवाय मीटर जोडणं, तोडलेला परत जोडणं, मीटरला मुद्दाम इजा करणं यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मीटरमध्ये फेरफार करून वीज चोरल्याचं कलम वेगळं, १३५. सील तुटलंय म्हणजे चोरी झालीच असं नाही, हे खरं. पण पथक आलं की प्रश्न मीटर ज्याच्या नावावर त्याला विचारतात. पाचशे रुपये घेणारा पोरगा तेव्हा गावी गेलेला असतो.

आणि स्पार्किंगबद्दल. मीटरच्या टर्मिनलला ठिणग्या दिसल्या तर ती तातडीची तक्रार आहे. मीटर कंपनीचा, टर्मिनल कंपनीचं, सील कंपनीचं. फुकट होणारं काम तुम्ही पाचशे देऊन बेकायदा करून घेतलंत.

---

बिनधास्त_कोपरखैरणे
१५ जुलै, सकाळी ८.२२

बरं बाबा. दिवाळी तरी उजेडात झाली.

---

मल्टीमीटर
१५ जुलै, सकाळी ११.००

ठाण्यात पाचपाखाडीला माझी छोटी फर्म आहे, विद्युत ठेकेदाराचं लायसन्स आहे. धंद्यातला माणूस बोलतोय हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, लागतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आहेत, आधी २०१० चे होते, आता २०२३ चे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं अशा किरकोळ कामांना सूट आहे. त्यामुळे नाक्यावरचा मुलगा पंखा लावतो ते अगदी रीतसर आहे, त्याला उगाच चोर ठरवू नका. पण वायरिंग नवं करणं, वाढवणं, बदलणं हे काम लायसन्सधारक ठेकेदारानेच करायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, आणि प्रत्यक्ष पक्कड धरणाऱ्याकडे वायरमनचा परवाना हवा. म्हणजे कागद तीन आहेत. लोक एकच बघतात.

सरकारी कागदावर वायरमनला 'तारतंत्री' म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो, सतार वाजवणारा वाटतो. आयटीआय केलं म्हणून तो परवाना आपोआप खिशात येत नाही, अर्ज करून घ्यावा लागतो.

आता आमच्या धंद्यातली खरी गोष्ट. लायसन्स एकाचं, काम दुसऱ्याचं, हा प्रकार सर्रास चालतो. नवीन कनेक्शन किंवा भार वाढवण्याच्या अर्जासोबत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो ना? काही जण तो अहवाल घर न बघता सही-शिक्का मारून विकतात. तुमच्याकडे कागद पक्का असतो आणि भिंतीत काय आहे ते देव जाणे. म्हणून लायसन्स नंबर विचारा, मुदत बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याला विचारा, "अहवालावर सही करणारा माणूस माझ्या घरी कधी येणार?" उत्तर देताना जो चाचरतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणखी एक. अहवालात इन्सुलेशन रेझिस्टन्स आणि अर्थिंगचे आकडे भरायचे असतात. मेगर नावाचं यंत्र न आणता ज्याने ते आकडे भरले, त्याने ते घरून आणलेत.

---

पिंपळपान
१५ जुलै, दुपारी १.१०

काल रात्री अकराला कंपनीचे दोघे आले, भर पावसात. खाली कटआऊटपाशी (कंपनीची केबल जिथे येऊन संपते तो फ्यूजचा डबा) तिन्ही फेज तपासले, तिथे सगळं २३०-२३५. म्हणाले, "आमच्या बाजूचं ठीक आहे, पुढे तुमच्या पॅनलमध्ये गडबड आहे." सोसायटीच्या पॅनलचं झाकण उघडलं. न्यूट्रलचा लग (तारेच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा, जो बोल्टने आवळतात) काळा ठिक्कर, आणि बोल्ट हाताने फिरत होता! त्यांनी घासून, आवळून तात्पुरतं चालू करून दिलं, "हे आमचं काम नाही, म्हातारं माणूस आहे घरात म्हणून" असं दोनदा बजावून. चहाला थांबले नाहीत.

म्हणजे मीटरपासून वरपर्यंत नवी वायर ओढली असती, नऊ हजार गेले असते, आणि मूळ दुखणं तिथेच राहिलं असतं.

---

निवृत्त_लाइनमन
१५ जुलै, दुपारी २.४०

ॲल्युमिनियमच्या केबलचा लग पितळी किंवा तांब्याच्या पट्टीवर थेट बसवलेला असणार. दोन धातू, त्यात आपल्या खाडीकाठची खारट दमट हवा. पाच-दहा वर्षांत तिथे पांढरी भुकटी धरते, जोड तापतो, तापला की सैल पडतो, सैल पडला की आणखी तापतो. तिथे बायमेटल लग हवा, एका बाजूने ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूने तांबं. फार महाग वस्तू नाही. वाशी, नेरूळ, सानपाडा, सगळीकडे मी हेच बघितलं. कळव्याच्या बाजूला २०२० पासून वितरण टोरेंट या खासगी कंपनीकडे आहे, पण खारी हवा तीच.

हद्दीचं सांगतो, कारण निम्मी भांडणं तिथेच होतात. खांबावरून किंवा पिलरमधून येणारी केबल आणि कटआऊटपर्यंतचं सगळं कंपनीचं. कटआऊटच्या पुढचं पॅनल, त्यातली बसबार म्हणजे जाड धातूची पट्टी, मीटरपर्यंतचं वायरिंग सोसायटीचं. मधला मीटर परत कंपनीचा, भिंत सोसायटीची असली तरी. आणि मीटरमधून निघून तुमच्या घरात येणारी वायर तुमची.

---

नाइलाजाने_सेक्रेटरी
१५ जुलै, संध्याकाळी ६.०५

वर्तकनगर, ठाणे. नाव वाचून कळलंच असेल.

काकांच्या शेवटच्या वाक्याला जरा थांबवतो. तांत्रिकदृष्ट्या असेल तसं, पण खर्चाच्या दृष्टीने नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सोसायटीने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. तिच्यात 'सदनिकांमधील मुख्य स्विचपर्यंतच्या विजेच्या लाइन' येतात. म्हणजे मीटर रूमपासून तुमच्या दारामागच्या मेन स्विचपर्यंतची वायरसुद्धा सोसायटीच्या खर्चात. ही ओळ मला स्वतःला तीन वर्षांच्या भांडणानंतर एका सभासदाने तोंडावर फेकून मारली, तेव्हा कळली.

आमच्याकडे तळमजल्याच्या काकांनी स्वतःच्या पैशाने वायर बदलली आणि बिल सोसायटीला दिलं. कमिटी म्हणाली, आम्हाला विचारलं नाही. काका म्हणाले, तुम्हाला विचारून दोन पावसाळे झाले. दोघंही बरोबर होते, हीच पंचाईत.

पिंपळपानताई, तुम्ही एकट्या काही करू नका. कमिटीला लेखी द्या, कंपनीच्या लोकांनी काय दाखवलं ते लिहा, जळलेल्या लगाचा फोटो जोडा. फोटो काढलात ना? सभेत हजार शब्द बोललात तरी लोक "बघू" म्हणतात. काळा पडलेला बोल्ट व्हॉट्सॲपवर टाकला की पाच मिनिटांत मंजुरी.

---

पिंपळपान
१५ जुलै, संध्याकाळी ६.३०

फोटो काढलाय! रात्री तेवढी एक अक्कल सुचली.

---

कांगारूंच्या_देशात
१६ जुलै, पहाटे ४.५०

मूळ ठाणे चरई, सध्या सिडनी. धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या न्यू साउथ वेल्समध्ये साध्या लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनलाही रस्त्यावरच्या लाइनपासून घरापर्यंतच्या वायरीला हात लावता येत नाही. त्याला 'लेव्हल टू' मान्यता असलेलाच माणूस लागतो. लेव्हल वनवाले वीजवाहिन्यांचं जाळं बांधतात, लेव्हल थ्रीवाले त्याचं डिझाइन करतात, आणि लेव्हल टूवाले घराची जोडणी. लेव्हल टूमध्ये पुन्हा वर्ग आहेत, लाइन तोडणं-जोडणं, जमिनीखालची केबल, वरून येणारी केबल, मीटर, असे. शिवाय ज्या वितरण कंपनीच्या हद्दीत काम, तिचं वेगळं अधिकारपत्र. माझ्या घरासमोरच्या झाडाने वादळात वायर तोडली तेव्हा हे सगळं एका रात्रीत पाठ झालं. बिलाचा आकडा इथे लिहीत नाही, आई हा धागा वाचते.

तुमच्याकडे मात्र तेवढ्या तुकड्याला खासगी माणूस शोधावाच लागत नाही, १९१२ लावला की कंपनी येते. मला तर हेवा वाटला.

---

मल्टीमीटर
१६ जुलै, सकाळी ९.२०

हेवा करण्यासारखं आहे खरं. फक्त आपल्याकडे उलटा घोळ होतो. जे कंपनीने फुकट करायचं ते लोक पैसे देऊन करून घेतात, आणि ज्याला लायसन्सवाला लागतो ते काम ओळखीने उरकतात.

---

घोडबंदर_ट्रॅफिकमध्ये
१६ जुलै, रात्री १०.१५

विषयाला थोडा फाटा फोडतो. मानपाड्याजवळ राहतो. इलेक्ट्रिक गाडी बुक केलीय, कंपनीचा माणूस म्हणतो ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवून देऊ. माझं मीटर सिंगल फेज. घरात दोन एसी, एक गिझर. बसवून टाकू का? तो म्हणतो काही होत नाही.

---

मल्टीमीटर
१७ जुलै, सकाळी ८.४५

"काही होत नाही" हे वाक्य ऐकलं की मी आधी मेन स्विच बघतो.

आधी बिलावर 'मंजूर भार' काय लिहिलाय ते बघा. मग साधी बेरीज. ७.२ किलोवॉट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे ३१ अँपिअर एकट्या चार्जरचे. दीड टनाचा एसी ढोबळमानाने दीड किलोवॉट, दोन एसी म्हणजे १३ अँपिअर. गिझर दोन किलोवॉटचा, जवळपास ९. सगळं एकदम लागलं तर ५३ झाले, फ्रिज-इस्त्री सोडून. सिंगल फेजवर ४० च्या वर जायचंच नसतं. आणि गाडी एकदा लावली की तासन्‌तास सलग तेवढाच करंट खेचते, गिझरसारखी दहा मिनिटांत दमत नाही. जिथे जोड जरा कच्चा, तिथे पहाटे तीनला वास येतो, सगळे झोपेत असतात.

तेव्हा एक तर ३.३ किलोवॉटवर समाधान माना, रात्रभरात रोजच्या ठाणे-अंधेरीपुरती गाडी भरते. नाहीतर भार वाढवून थ्री फेज घ्या. अर्ज महावितरणच्या ॲपवर किंवा पोर्टलवर करता येतो, वाढीव अनामत भरावी लागते, ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. आणि सोसायटीला आधी विचारा, कारण तुमच्या एकट्याचं मीटर थ्री फेज झालं तरी खालची मुख्य केबल तीच राहते. चाळीस घरांनी गाड्या घेतल्या की तिचा जीव किती, हे आजच बघून ठेवलेलं बरं.

चार्जरला मेन बोर्डातून स्वतंत्र वायर घ्या. एसीच्या पॉइंटवरून फाटा काढून देतो म्हणाला तर त्याला घरी पाठवा.

---

घोडबंदर_ट्रॅफिकमध्ये
१७ जुलै, सकाळी ९.३०

३.३ वर समाधान मानलं. तसंही गाडी चालवायला मिळते कुठे, ती घोडबंदरवर उभीच असते.

---

पिंपळपान
२९ जुलै, रात्री ८.५०

धागा वर काढतेय. काम झालं, हिशेब द्यायला आले.

कमिटीने तीन कोटेशनं मागवली. ३८ हजार, ६१ हजार, ६४ हजार. अर्थातच सगळ्यांचा जीव ३८ मध्ये अडकला. मी तिघांकडेही लायसन्सची प्रत मागितली. ३८ वाल्याने फोटो पाठवला तो इतका अंधुक की मुदतीचा रकाना दिसेना. परत मागितला तर म्हणाला मशीन बंद आहे. तिसऱ्यांदा पाठवला तेव्हा दिसलं, मुदत २०२१ मध्ये संपलेली. नूतनीकरणाला टाकलंय म्हणे. चार वर्षं! खजिनदार काका तरी म्हणालेच, "कागदाने बोल्ट आवळला जातो का?" मग मी त्यांच्याच घरचा मंद पंखा त्यांना आठवून दिला.

६१ वाला घेतला. मल्टीमीटरदादांनी सांगितलेला प्रश्न विचारला, "सही करणारा कधी येणार?" तो म्हणाला, "मीच करतो सही, पहिल्या दिवशी सकाळी मीच असेन," आणि खरंच आला. आधी कंपनीकडे अर्ज दिला होता, त्यामुळे रविवारी नऊला त्यांच्या माणसांनी येऊन पुरवठा तोडून दिला, मीटरची सीलं त्यांनीच काढली. मग ठेकेदाराच्या तीन मुलांनी पॅनल उघडलं. साडेतीन कोअरची केबल निघाली, म्हणजे न्यूट्रलची तार बाकीच्यांच्या निम्म्या जाडीची. ठेकेदार म्हणाला, एके काळी सोळा घरांत सोळा पंखे होते तेव्हा चालली, आता सोळा घरांत बावीस एसी आहेत. ती बदलून पूर्ण जाडीच्या न्यूट्रलची चार कोअर घातली. बायमेटल लग घातले, बसबार नवी, प्रत्येक फेजवर घरं पुन्हा मोजून वाटली. जुन्या वाटणीत आमच्या फेजवर तीन घरं आणि काकूंच्या फेजवर आठ होती! कोणी केव्हा केलं कोणास ठाऊक.

एक प्रसंग सांगते. तिघांतला सर्वांत लहान दिसणारा मुलगा मीटरपाशी होता. मी म्हटलं, "बाळा, परवाना आहे ना?" तो एकदम गोरामोरा झाला, मला वाटलं नाहीये. मग मोबाइलच्या कव्हरमागून घडी घातलेला कागद काढला. फोटोत मिशा नव्हत्या, आता आहेत. म्हणाला, "काकू, सात वर्षांत पहिल्यांदा कोणी मागितला." पुढचा अख्खा दिवस तो मला एकेक गोष्ट बोलावून दाखवत होता.

चारला काम संपलं. मेगर लावून आकडे घेतले, मी स्वतः वाचले. कंपनीच्या माणसांनी सोमवारी येऊन सीलं मारली, प्रत्येक मीटरच्या सीलचा नंबर मी वहीत लिहून घेतला. फ्रिजचा बोर्ड ४,२०० ला पडला, तो मात्र आमच्याच डोक्यावर.

नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन परवा बेल दुरुस्त करायला आला होता. सीलचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही. बेलचे पैसे मात्र पन्नास जास्त घेतले.

---

नाइलाजाने_सेक्रेटरी
२९ जुलै, रात्री ९.२०

ताई, तुम्ही आमच्या कमिटीत याल का? फ्लॅट भाड्याने मिळवून देतो.

---

सीवूड्सची_सून
३० जुलै, दुपारी १२.१५

खूप उपयोगी धागा. एक विचारू? आमच्याकडे नवीन आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) बसवली तर ती सारखी पडायची. इलेक्ट्रिशियनने "पीस खराब आहे" म्हणून ती काढून थेट जोडून दिलं. आता पडत नाही. पण बिल जरा जास्त येतंय असं वाटतं. मीटर जोरात पळत असेल का? तो उघडून बघणारा कोणी आहे का?

---

मल्टीमीटर
३० जुलै, संध्याकाळी ५.४०

उघडून बघणारा कोणी नाही, आणि कोणी तयार असेल तर त्याच्यापासून लांब राहा. मीटरवर संशय असेल तर कंपनीकडे मीटर तपासणीचा अर्ज करतात, शुल्क भरून. त्याआधी घरच्या घरी बघा. मीटरवर छोट्या अक्षरात लिहिलेलं असतं की एका युनिटला लाल दिवा किती वेळा लुकलुकतो. समजा ३२०० असेल. घरातलं सगळं बंद करून फक्त एक किलोवॉटचा हीटर किंवा इस्त्री लावा आणि एक मिनिट मोजा. ५३ च्या आसपास आलं तर मीटर शहाणा आहे. इस्त्री मध्येच आपोआप बंद होते, तेव्हा ती तापत असतानाच मोजा. मग मेन स्विच पाडून बघा, लुकलुक पूर्ण थांबली पाहिजे.

पण तुमचं दुखणं मला दुसरंच वाटतं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पीस खराब म्हणून फार क्वचित पडते. ती बघते एकच गोष्ट, फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने पुरा परत आला की नाही. नाही आला तर तो कुठेतरी जातोय, गिझरच्या अंगात, ओल्या भिंतीत, किंवा कोणाच्या तरी शरीरात. नाहीतर तुमचा न्यूट्रल शेजाऱ्याच्या न्यूट्रलमध्ये मिसळलाय, जुन्या बिल्डिंगींत हे कायम सापडतं. शोधायला अर्धा दिवस लागतो, आरसीसीबी काढायला पाच मिनिटं. तुमच्याकडे पाच मिनिटांचं काम झालंय. आधी ती परत बसवून घ्या. गिझर चालू ठेवून नळाला हात लावू नका तोवर.

आणि मीटर रूममध्ये जाऊन बघा. मीटरवर लुकलुकणाऱ्या दिव्याशिवाय आणखी एक छोटा दिवा असतो, 'अर्थ' किंवा 'ईएल' लिहिलेला. तो लागलेला असेल तर मीटरही तुम्हाला तेच सांगतोय, गेलेलं आणि आलेलं जुळत नाही.

---

सीवूड्सची_सून
३० जुलै, संध्याकाळी ७.०२

लागलेला आहे. गिझर बंद केला. पिंपळपानताई, तुमच्या ६१ हजारवाल्यांचा नंबर मला विपूत (विचारपुशीत) पाठवाल का?

---

पिंपळपान
३० जुलै, संध्याकाळी ७.३५

पाठवला. फोन रात्री आठनंतर करा, दिवसा ते शिडीवर असतात.

तुमचा प्रतिसाद वाचून मी पण बॅटरी घेऊन खाली जाऊन आले. नवं पॅनल, नवी बसबार, सगळं चकाचक. सतरा मीटर आहेत, सोळा घरांचे आणि एक जिन्याचा. त्यातल्या पाचांवर तो दिवा लाल आहे. एक आमचा.